हात न उचलता

टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात, जुन्या पासपोर्टांच्या शेजारी, एक गडद करड्या रंगाचं यंत्र आहे. तळहातावर बरोबर मावेल एवढं. वर प्लॅस्टिकचं झाकण, कडेच्या खोबणीत एक बारीक काडी आणि खाली चार बटणं. पाम थ्री-एक्स-ई हे त्याचं नाव. 2000 सालच्या उन्हाळ्यात, न्यू जर्सीतल्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, मी ते माझ्या पगारातून घेतलं. सांगलीहून निघताना जवळ एक खिसाडायरी होती. तिची पानं संपली आणि तिच्या जागी हे आलं.

त्यात काय होतं हे सांगताना काय नव्हतं हेही सांगायला हवं. फोन नव्हता, कॅमेरा नव्हता, इंटरनेट नव्हतं. चार बटणांची चार कामं: भेटीगाठींची वही, पत्ते, करायच्या कामांची यादी आणि टिपणं. पडदा 160 बाय 160 ठिपक्यांचा, हिरवट. साठवण 8 मेगाबाइटची. एका टिपणात साधारण चार हजार अक्षरं मावत, पुढे लिहायचं तर नवं टिपण काढायचं. दोन बारीक पेन्सिल सेलवर ते काही आठवडे चाले. आणि मी सांगितलेल्या वेळेखेरीज ते एकदाही वाजत नसे.

हे यंत्र आधी लाकडाचं होतं. जेफ हॉकिन्स या अमेरिकन अभियंत्याने आपल्या सदऱ्याच्या खिशात बसेल एवढा लाकडाचा ठोकळा कापून घेतला, एक चॉपस्टिक तासून तिची लेखणी केली आणि तो ठोकळा घेऊन तो हिंडू लागला. कुणी भेटीची वेळ विचारली की खिशातून ठोकळा काढायचा आणि वेळ टिपून घेतल्यासारखं करायचं. लोक काय म्हणतील याची पर्वा न करता त्याने हे केलं, कारण त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: माणसाला खिशातून काही काढून टिपावंसं वाटतं ते नेमकं कधी, आणि टिपावंसं वाटतं ते किती? त्या ठोकळ्यातून 1996 साली पायलट नावाचं पहिलं यंत्र निघालं. खिसा आधी ठरला होता, यंत्र मागाहून. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्याने हे यंत्र केलं त्याने आधी रिकाम्या लाकडावर टिपून पाहिलं होतं. टिपण म्हणजे आधी माणसाच्या मनातली आणि हातातली एक हालचाल, हे त्याने ओळखलं होतं.

तीच ओळख लिपीत उतरली. 1993 साली ॲपलने न्यूटन नावाचं हातातलं यंत्र आणलं होतं. ज्याचं त्याचं अक्षर वाचायचं, सरावाने ते शिकून घ्यायचं, असा त्याचा मोठा संकल्प होता. तो पुरता साधला नाही आणि 1998 मध्ये न्यूटन बंद झाला. पाम कंपनीने उलटी वाट धरली. यंत्राने माझं अक्षर शिकायच्या ऐवजी मीच त्याची अक्षरं शिकायची. ती लिपी ग्राफिटी. पडद्याच्या खालच्या चौकटीत काडीने लिहायचं. डावीकडे अक्षरं, उजवीकडे आकडे. प्रत्येक अक्षर जवळजवळ एका फटकाऱ्यात, काडी न उचलता. ‘ए’ला मधली आडवी रेघ नाही, म्हणजे तो उलटा ‘व्ही’. ‘टी’ म्हणजे आडवं जाऊन खाली उतरायचं. डावीकडून उजवीकडे रेघ ओढली की जागा सुटते, उजवीकडून डावीकडे ओढली की मागचं अक्षर पुसलं जातं.

मेट्रोपार्कहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत मी ती शिकले. पहिले चार दिवस चिडचिड झाली. दोन आठवड्यांनी हात आपोआप वळू लागला. शिकताना मला लहानपणची पाटी आठवली. नवी लिपी गिरवताना माणूस पुन्हा एकदा पहिलीत बसतो, आणि त्या वयातलं लक्ष थोडा वेळ त्याला परत मिळतं.

मराठी मात्र त्यात नव्हती. आईला फोनवर विचारून घेतलेली भाजणीची प्रमाणं, सणांच्या तारखा, सगळं रोमनमधून. ‘बाळ’ आणि ‘बाल’ एकच, ‘पण’ आणि ‘पन’ एकच. वाचताना ते भेद मनाने भरून काढायचे. याची खंत वाटायची. भेटीगाठींच्या वहीत मात्र मी आईकडून शिकलेल्या खुणा वापरायचे. सांगलीच्या घरी स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असे आणि त्यातल्या चौकोनांत आईचं सगळं राज्य मावे: दुधाचा खाडा म्हणजे फुली, गॅस लावला तो दिवस म्हणजे गोल, कुणाकडे पैसे द्यायचे तर नावाचं पहिलं अक्षर. चौकोन लहान, म्हणून खूण नेमकी. वर्ष संपलं तरी ती कॅलेंडरं फेकली जात नसत. “अमुक लग्न कधी झालं?” असं विचारलं की आई जुनं कॅलेंडर काढायची आणि खुणेवरून आख्खा महिना सांगायची. खुणेत जे नव्हतं तेही.

2001 च्या डिसेंबरात चार आठवड्यांसाठी सांगलीला आले. आजोबा तेव्हा शहाऐंशी वर्षांचे होते. त्यांची उमेदीची वर्षं सांगलीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून गेली, हळदीच्या व्यापारात. कीर्द आणि खतावणी ते मोडीत लिहीत. त्यांच्या पिढीने मोडी शाळेत शिकून घेतली होती. आमच्यापर्यंत ती आलीच नाही, कारण छपाईला बाळबोध, म्हणजे देवनागरी, सोयीची पडली आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळांतून गेली.

एका दुपारी ओसरीवर मी पाममध्ये काहीतरी टिपत होते. आजोबा जवळ येऊन बसले आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले. मग म्हणाले, “हात उचलत नाहीस गं.”

मी काडी त्यांच्या हातात दिली. ग्राफिटीची अक्षरं त्यांना ठाऊक नव्हती. पण त्यांनी मला एक जुनी कीर्द काढून दाखवली. मोडीत लिहिताना पानावर आडवी रेघ आधी ओढून घेतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात. हात शक्यतो न उचलता एका अक्षरातून दुसऱ्यात जातात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. “वाचणाऱ्याला कळतं,” आजोबा म्हणाले. “घाईच्या माणसाची लिपी आहे ही. पण घाई हाताची. डोकं शांत लागतं.” तेव्हा मला आठवलं की ते मला न्यू जर्सीला पाठवत त्या बाळबोधातल्या पत्रांतही ओळीची रेघ आधी ओढलेली असायची. मी समजत होते, वयामुळे अक्षर तसं येतं. तो मोडीचा हात होता.

त्या दुपारपासून ते सांगत गेले आणि मी टिपत गेले. हळद कुठल्या कुठल्या गावांहून यायची, तोलताना कोण काय बोलायचं, कुठल्या साली भाव कसा चढला आणि कसा पडला. सगळ्यात जास्त ते बोलले हरिपूरच्या पेवांबद्दल. हरिपूर म्हणजे सांगलीजवळचं कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव. तिथे जमिनीच्या पोटात खणलेल्या पेवांत हळद साठवत. तोंड अरुंद, आत पोट मोठं. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं टिकते, कीड लागत नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. आत कोंडलेली हवा जाऊ द्यायची, कंदील सोडून बघायचा. तो विझला नाही तर माणूस उतरेल. हे सांगताना आजोबांचा आवाज खाली यायचा, जणू ते त्या तोंडाशीच बसले आहेत. एकेक अक्षर काडीने ओढत मी ते लिहीत होते. हात मागे पडायचा, मग आजोबा थांबायचे. त्या थांबण्यातच त्यांना पुढचं आठवायचं.

निघायच्या आधी पडद्यावर सेल उतरल्याची सूचना येत होती. न्यू जर्सीत पोचल्यावर बदलू म्हणून मी ती सोडून दिली. पोचल्यावर कामाची गर्दी झाली, ताप आला आणि तीन आठवडे पाम सामानात राहिला. या यंत्राची स्मरणशक्ती सेलवर जगत असे. सेल बदलताना ती थोडा वेळ टिके, पण सेल पुरते मेले की सगळं जाई. एका रात्री नवे सेल घातले तेव्हा पडद्यावर माझं काहीच नव्हतं. नव्या मालकाचं करतात तसं स्वागत होतं, आणि मधोमध एक खूण, इथे काडी टेकवा म्हणून. दीड वर्षाच्या सोबत्याने मला ओळखलं नाही.

संगणकाला जोडलेल्या त्याच्या पाळण्यात ठेवून बटण दाबलं की संगणकावरची प्रत परत उतरत असे. तशी ती उतरली. भेटीच्या वेळा आल्या, पत्ते आले, भाजणी आली. पण ती प्रत सांगलीला निघण्याच्या आदल्या दिवसाची होती. आजोबांनी सांगितलेलं काहीच त्यात नव्हतं. चूक माझी होती आणि मी त्या रात्री रडले.

मग कागद घेतला आणि आठवेल ते देवनागरीत लिहायला बसले. आणि आलं. गावांची नावं आली, पेवाचं तोंड आलं, कंदील आला, तोलणाऱ्याचे शब्द आले. कारण त्यातलं प्रत्येक अक्षर मी एकेका फटकाऱ्याने ओढलं होतं, आजोबांना थांबवून, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत. जे आलं नाही ते म्हणजे आकडे: भाव, साल, वजनं. ते मी उजवीकडच्या चौकटीत भराभर लिहून टाकले होते, पुढे कधीतरी बघू म्हणून. यंत्र आहे, ते ठेवेल, अशा भरवशावर जेवढं सोडलं होतं तेवढंच गेलं. पहाटे मी सांगलीला फोन लावला. आजोबांनी काही आकडे पुन्हा सांगितले, काही त्यांनाही आठवले नाहीत. त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. 2005 च्या महापुरात कृष्णेचं पाणी हरिपुरात शिरलं आणि कितीतरी पेवं निकामी झाली. त्या रात्रीचे अकरा कागद माझ्यापाशी आहेत.

पामचंही पुढे संपलं. 1997 मध्ये झेरॉक्सने ग्राफिटी लिपीवरून दावा लावला होता. त्यामुळे 2003 पासून नव्या यंत्रांत दुसरी ग्राफिटी आली आणि शिकलेल्या हातांना काही अक्षरं पुन्हा शिकावी लागली. 2010 साली पाम कंपनी एचपीने विकत घेतली, आणि पुढच्याच वर्षी पामची यंत्रं बंद झाली. तोवर फोनने भेटी, पत्ते, टिपणं सगळं पोटात घेतलं होतं.

आता माहितीचं पेव फुटलं आहे. माझ्या फोनमध्ये मावशीशी केलेल्या दोन तासांच्या गप्पा ध्वनिमुद्रित आहेत. मुद्रण सुरू करून मी निवांत बसले होते, मधूनमधून दुसरीकडे बघतही होते. ते मुद्रण सुखरूप आहे, त्याच्या दोन-तीन प्रती आपोआप निघालेल्या आहेत. पण मावशी काय म्हणाली हे मला विचाराल तर चार वाक्यांपलीकडे सांगता येणार नाही. हरवायची भीती गेली, तिच्याबरोबर ऐकण्याची निकडही गेली. मी फोनला दोष देत नाही, मावशीचा आवाज राहिला याचा मला आनंदच आहे. पण राहणं आणि आठवणं या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी काहीतरी मोजावं लागतं. आईचा चौकोन, आजोबांची रेघ, माझी काडी, तिन्ही साधनं अपुरी होती. त्यांत सगळं मावत नसे, म्हणून काय ठेवायचं हे आपल्याला ठरवावं लागे. ते ठरवताना ती गोष्ट आपल्यातून एकदा जात असे. आता मावशीकडे जाते तेव्हा मुद्रणही करते आणि मांडीवर वहीही असते. मी लिहिते तेवढा वेळ ती थांबते.

खणातल्या पाममध्ये अधूनमधून सेल घालते. तो सुरू होतो, तारीख विचारतो, आत काही नसतं. तरी चौकटीत दोन अक्षरं ओढून बघते आणि ती बरोबर उमटतात. हात विसरलेला नाही. इंग्रजी अर्ज भरताना माझा ‘ए’ अजूनही मधल्या रेघेशिवाय उतरतो. बँकेच्या खिडकीवर कुणी विचारलं की मी रेघ देते आणि अर्ज परत सरकवते. आजोबांची पत्रंही त्याच खणात आहेत, ओळभर रेघ आधी ओढलेली.