खरा गिऱ्हाईक पैसे देतो, मागत नाही

मैत्रिणींनो, साडीच्या घडीत नाहीतर देवघरातल्या डबीत तुम्हीही एखादी ‘खास’ नोट जपून ठेवली असेल, हो ना? शेवटी ७८६ आकडा असलेली, नाहीतर ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची. शकुन म्हणून ठेवली तर त्यात वावगं काहीच नाही. पण हल्ली ‘अशी नोट द्या आणि लाखो रुपये घ्या’ असं सांगणारे मोबाइलवर भेटतात, तिथे मात्र जरा थांबायला हवं.

आमच्या शेजारच्या वहिनींना असाच फोन आला. ट्रॅक्टरच्या नोटेचे तीन लाख मिळणार, फक्त आधी नोंदणीचे आठशे भरा. त्यांनी भरले. मग कराचे म्हणून पाच हजार मागितले. तेही भिशीतून, घरात न सांगता दिले. पुढे फोनच बंद! पैसे तर गेलेच, पण भाऊजींपासून ही गोष्ट लपवताना बाईंची झोप उडाली, ते मला जास्त लागलं.

आता आपण घरच्या घरी हिशेब करू या. नोटांवरचे आकडे ओळीने येतात, म्हणजे दर हजार नोटांमागे एकीच्या शेवटी ७८६ येणारच. मग ती दुर्मिळ कशी? ट्रॅक्टरची नोट आजही चलनात आहे, दुकानात तिचे पाचच रुपये होतात. आजीच्या पुरचुंडीतली पावली तर ३० जून २०११ पासून चलनातूनच गेली.

स्मारक नाण्यांचंही तसंच. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली म्हणून २०१० साली हजार रुपयांचं नाणं निघालं. टांकसाळीकडून अशी नाणी घेताना त्यांवरच्या आकड्याहून जास्त पैसे मोजावे लागतात. हौस म्हणून जरूर घ्या, पण गुंतवणूक समजू नका.

नाणी जमवणारे शौकीन असतात आणि खरोखर दुर्मिळ वस्तूला ते चांगली किंमतही देतात. पण ते वस्तू हातात घेऊन, नीट पारखून रोख मोजतात. आधी फी मागणारा गिऱ्हाईक कुठे पाहिलाय? आणि कोणी रिझर्व्ह बँकेचं नाव सांगितलं तरी भुलू नका. असल्या व्यवहारात आपण नाही आणि त्यासाठी कसलीही फी घेत नाही, असं बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय.

तरीही कुणी फसलीच, तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त. म्हणून सांगते, आधी घरात बोला. ‘हे काय म्हणतील’ या धास्तीत गेलेला दिवस त्या भामट्याच्याच पथ्यावर पडतो.