एकशेंसत्तावीस मिनिटें

घड्याळानें खरें सांगावें, एवढीच आपली त्याच्याकडून अपेक्षा असते. पण खरें सांगणें निराळें आणि कळेल असें सांगणें निराळें, हें मला परवां आमच्या गडचांदूरला एका विद्यार्थ्यामुळें उमगलें.

तो माझ्या घरीं संगणकावर एक लांबलचक आकडेमोड करीत होता. लिनक्सवर ‘बॅश’मध्यें कोणत्याहि आज्ञेआधीं ‘टाइम’ हा शब्द लिहिला, कीं ती पुरी होण्यास लागलेला वेळ शेवटीं तीन ओळींत छापून येतो. पहिली ओळ घड्याळाप्रमाणें गेलेल्या वेळेची. उरलेल्या दोन, प्रोसेसर स्वतः किती वेळ राबला याच्या. आदल्या दिवशीं पहिल्या ओळींत १२७ मिनिटें आणि कांहीं सेकंद असा आंकडा आला होता. मीं तो ओझरता पाहिला आणि १ तास २७ मिनिटें असा वाचला. “अरे, चारला सुरू कर. साडेपांचला निकाल हातांत पडेल, सहाची गाडी मिळेल,” असें छातीठोकपणें सांगितलें. १२७ मिनिटें म्हणजे २ तास ७ मिनिटें! माणिकगडच्या डोंगरांतल्या त्याच्या गांवची ती शेवटची एस. टी. निघून गेली. पोरगा माझ्याकडेच जेवला, निजला. गांवांत फोन लागत नाहीं. त्याची आजारी आई मध्यरात्रीपर्यंत दारांत बसून होती, हें मला मागाहून कळलें.

रागारागानें मीं त्या आज्ञेच्या कर्त्यांना पत्र लिहावयास घेतलें: साठ मिनिटें झालीं कीं त्यांचा तास कां करीत नाहीं? लिहितां लिहितां आमच्या घरचें जुनें पंचांग आठवलें. त्यांत तिथि घटका-पळांत दिलेली असे. साठ पळांची घटका, साठ घटकांचा अहोरात्र. म्हणजे घटका २४ मिनिटांची, तीहि सूर्योदयापासून मोजावयाची. एकादशी केव्हां सरते हें आईला आजोबांनाच विचारावें लागे. १९७३ सालीं जयंतराव साळगांवकरांचें ‘कालनिर्णय’ निघालें. पुढें तें आमच्या भिंतीवर आलें आणि आई स्वतःच वेळ पाहूं लागली. तिथि तीच, मांडणी तेवढी बदलली होती.

‘जीएनयू टाइम’ या निराळ्या साधनाला सांगितलें तर तें तास वेगळे छापतें, असेंहि पुढें आढळलें. तरी पत्र मीं धाडलेंच. रागाच्या ओळी मात्र खोडल्या. तीस वर्षें मी वर्गांत बरोबर तेंच सांगत आलों आहें. समोरच्या पोरांना तें किती वाचतां आलें, हें कधीं विचारलें नव्हतें.