पिंगोरीच्या डोंगरांतील घुबडांचा संसार

पुण्याहून निघून दिवे घाट चढला की सासवडचे पठार लागते. पुढे जेजुरी आणि त्यानंतर वाल्हे. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी याच वाटेने पंढरपूरकडे जाते, त्यामुळे ही गावे आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाची असतील. वाल्ह्याच्या परिसरात हमरस्ता सोडून डोंगराच्या दिशेने वळले, की पुरंदर तालुक्यातील पिंगोरी हे लहानसे गाव येते. वर उघडेबोडके कातळ, उतारावर गवत आणि काटेरी झुडपे, खाली शेते आणि मधून गेलेले ओढे असा हा मुलूख आहे.

या गावात २०१८ साली २९ आणि ३० नोव्हेंबर रोजी ‘इला फाउंडेशन’ या पक्षिसंशोधन संस्थेने घुबडांचा उत्सव भरविला. ज्या पक्ष्याचा आवाज कानी पडताच घरातील वडीलधारी माणसे अस्वस्थ होतात, त्याच्या नावाने गावात उत्सव व्हावा, याचे प्रथम आश्चर्य वाटते. परंतु हा पक्षी कसा जगतो हे जाणून घेतले, की त्या आश्चर्याची जागा आदर घेतो.

या डोंगराळ भागाचा खरा रहिवासी म्हणजे शृंगी घुबड. डोक्यावर शिंगांसारखे दिसणारे दोन तुरे असतात, म्हणून हे नाव. ते तुरे म्हणजे शिंगे नव्हेत आणि कानही नव्हेत. ती केवळ पिसे आहेत. डोळे गर्द नारिंगी, अंगावर तपकिरी आणि काळसर रेघा. दिवसा हा पक्षी कातळाच्या आडोशाला निश्चल बसला, की दगड कोणता आणि पक्षी कोणता हे सांगणे कठीण होते.

हिवाळ्याच्या तोंडाशी याचा विणीचा काळ सुरू होतो आणि तो साधारणतः एप्रिलपर्यंत चालतो. सूर्य मावळल्यानंतर काही वेळातच ओढ्याच्या काठावरून खोल, घुमणारी साद येते. तिचे स्वर दोन. पहिला आखूड आणि दुसरा लांबलेला. साद घालताना गळ्याखालचा पांढरा भाग फुगतो व संधिप्रकाशात उठून दिसतो. मादीने प्रतिसाद दिला, की दोघांचे बोलणे बराच वेळ चालते. नर तिच्यासाठी भक्ष्य आणून देतो. पुढे अनेक दिवस तिला घरटे सोडता येणार नाही, त्या काळात तिचा आणि पिलांचा भार आपण वाहू शकतो, याची जणू तो आधीच खात्री पटवून देतो.

घरटे म्हणावे असे काही तो बांधत नाही. उंच दरडीवरील कपारीत किंवा झुडपाच्या आडोशाला मोकळ्या मातीवर मादी तीन-चार पांढरी अंडी घालते. सुमारे ३३ दिवस ती उबवते. जागा सोयीची ठरली, तर पुढील वर्षीही तीच निवडली जाते. पिले एकाच दिवशी जन्मत नाहीत, त्यामुळे एकाच कपारीत लहानमोठी भावंडे दिसतात. कोणी फार जवळ गेले, तर जखमी असल्याचे भासवून आई जमिनीवर उतरते आणि संकटाला पिलांपासून दूर नेते. पिलांना स्वतंत्र व्हायला जवळजवळ सहा महिने लागतात. एवढा दीर्घ संसार, आणि त्याला आधार केवळ उघड्या मातीचा!

आता हे दिवस आपल्या पंचांगाशी जुळवून पाहावेत. विणीचा काळ सुरू होतो, तो दिवाळीच्या आसपास. आपल्या पेढ्यांवर त्या दिवसांत वहीपूजन होते, लक्ष्मीची आराधना होते. त्याच दिवसांत तिचे वाहन मानलेला हा पक्षी अंधश्रद्धेपायी पकडला जातो, विकला जातो आणि त्याचा बळीही दिला जातो. ‘ट्रॅफिक’ या संस्थेच्या २०१० च्या अहवालात देशातील सुमारे ३० जातींपैकी १५ जातींची घुबडे व्यापारात आढळल्याची नोंद आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार हा गुन्हा आहे. परंतु जोडीतील एक पक्षी पकडला गेला, की कपारीतील पिलांचे काय होते, याची नोंद कोणत्याही पोलीस ठाण्यात होत नाही.

दुसरा प्रश्न आपल्या वखारीतील आहे. घुबड न पचलेली हाडे आणि केस यांच्या गोळ्या तोंडावाटे टाकून देते. या गोळ्या तपासल्या असता, त्याचा मुख्य आहार उंदीर आणि घुशी असल्याचे दिसते. निसर्गाने त्याला नेमून दिलेला हा आहार आहे. आपण धान्याच्या थप्प्यांभोवती विष पसरतो, तेव्हा त्याने केवळ उंदीर मरत नाही. विष खाऊन सुस्तावलेला उंदीर घुबडाच्या हाती सहज लागतो आणि ते विष पुढे त्याच्या, प्रसंगी त्याच्या पिलांच्याही पोटात जाते. वखारीची दारे-भोके बुजविणे, थप्प्या भिंतीपासून दूर फळ्यांवर रचणे, सांडलेले धान्य रोज झाडून घेणे आणि जाळीचे पिंजरे वापरणे, हे उपाय कष्टाचे आहेत. पण त्यांत ही हिंसेची साखळी नाही.

पिंगोरीला जाण्याचा योग आला, तर सायंकाळी ओढ्यापासून दूर शांत बसावे. दिव्याचा झोत कपारीवर टाकू नये, छायाचित्रासाठी जवळ जाऊ नये. साद ऐकू आली तर ती अशुभाची सूचना नसून एका गृहस्थाश्रमाचा आरंभ आहे, हे बरोबरच्या मुलांना सांगावे. मुलांच्या मनातून ही भीती एकदा गेली, की घुबडाच्या किमतीची भाषा त्यांच्या तोंडी कधी येणार नाही.