दगडाला पैसा फुटतो तेव्हा

सुपरहिरोंच्या दुनियेत श्रीमंती सहसा वारशानं येते. ब्रूस वेनला वाडा, उद्योगसमूह आणि आल्फ्रेडसारखा विश्वासू माणूस आयताच मिळाला. टोनी स्टार्कच्या वडिलांनी शस्त्रास्त्रांचा धंदा आधीच उभा करून ठेवला होता. ही मंडळी पैशातच जन्मली, त्यामुळे पैशाकडे त्यांचं फारसं लक्षही जात नाही. दुसऱ्या टोकाला पीटर पार्कर. जगाला वाचवून घरी यावं तर घरभाडं थकलेलं. या दोघांच्या मधला, अर्धं आयुष्य कडकीत काढल्यावर एके दिवशी अचानक गबर झालेला नायक मात्र क्वचितच भेटतो. माझ्या वाचनातली त्याची सगळ्यात चांगली गोष्ट ‘फॅन्टास्टिक फोर’मधल्या बेन ग्रिमची, म्हणजे ‘द थिंग’ची आहे. डॅन स्लॉटनं लिहिलेली आणि बरीचशी आंद्रेआ दी व्हितोनं काढलेली ही मालिका २००६ साली जेमतेम आठ अंक चालली आणि खपाअभावी बंद पडली. श्रीमंतीची गोष्ट पैशाअभावी आटपावी, हा विनोद लेखकाच्या हातचा नव्हता.

बेन मुळात कसा झाला, हे सांगितल्याशिवाय त्याच्या पैशाचं कोडं उलगडत नाही. १९६१ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी त्याला जन्माला घातलं. रीड रिचर्ड्स हा त्याचा कॉलेजमधला हुशार मित्र. रीडनं अवकाशयान बनवलं आणि ते चालवायला वैमानिक बेनला गळ घातली. वैश्विक किरणांचा धोका आहे, असं बेन बजावत होता. तरी दोघं गेले; बरोबर रीडची प्रेयसी स्यू आणि तिचा भाऊ जॉनी. परतल्यावर रीडचं अंग रबरासारखं ताणता येऊ लागलं, स्यू अदृश्य होऊ लागली, जॉनी पेट घेऊन उडू लागला. आणि हे तिघंही हवं तेव्हा पुन्हा माणसासारखी माणसं. बेन तेवढा नारिंगी दगडांचा झाला तो झालाच. हाताला चार बोटं, रस्त्यावरून जायचं तर लांब कोट, हॅट आणि काळा चष्मा. पुढची कित्येक वर्षं रीड त्याच्यावर उपाय शोधतो आहे आणि प्रत्येक उपाय फसतो आहे.

तर २००५ च्या सुमारास, जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की मूळ मालिका लिहीत असताना, बेनला कळतं की आपण गडगंज आहोत. चौघांच्या संशोधनातून, पेटंटांतून आलेल्या कमाईतला त्याचा वाटा रीडनं निराळा ठेवला होता आणि तो वाढत गेला होता. बेनला पत्ता नव्हता. स्लॉटची मालिका इथून सुरू होते. बेन बड्या लोकांच्या पार्ट्यांना जाऊ लागतो, कार्लोटा लारोसा नावाच्या नटीबरोबर हिंडू लागतो. एका पार्टीतून आर्केड नावाचा खलनायक धनिकांना पळवतो आणि आपल्या जीवघेण्या जत्रेत सोडतो. मारामारी यथासांग होते. मला त्या मारामारीपेक्षा बेनची अवघडलेली उभी राहण्याची ढब जास्त लक्षात राहिली. टोनी स्टार्कसारख्यांच्या घोळक्यात तो उभा आहे, खिशात त्यांच्याइतकाच पैसा आहे, आणि तरी लग्नात चुकून दुसऱ्याच मांडवात शिरलेल्या पाहुण्यासारखा तो दिसतो.

आपल्याकडे अशा माणसाची टिंगल ठरलेली. पुण्याच्या आसपास जमिनी विकून पैसा आलेल्यांना लोकांनी ‘गुंठामंत्री’ म्हणायला सुरुवात केली. गळ्यातली साखळी, पांढरी गाडी, सगळ्याची नक्कल झाली. त्या हसण्यात थोडा मत्सर असतो आणि बराचसा आळस. जमीन गेली म्हणून पैसा आला, हे हसणारा विसरतो. बेनचंही तसंच आहे. त्याच्याकडे आलेला पैसा वरकरणी कमाई आहे, पण माझ्या लेखी ती नुकसानभरपाई आहे. ज्या मित्राच्या हट्टापायी याचं शरीर गेलं, त्यानं गुपचूप याच्या नावावर रक्कम साठवत ठेवली. रीड कितीही बुद्धिमान असला तरी त्याला ‘माझं चुकलं’ हे नीट म्हणता येत नाही. तो ते हिशेबाच्या वहीत म्हणतो. बेन पैसा उधळतो तेव्हा म्हणूनच त्याच्या चेहऱ्यावर चैनीचा आनंद दिसत नाही. भरपाईच्या पैशानं माणूस गाडी घेतो, पण ती गाडी त्याला रोज कशाची भरपाई ते सांगत राहते.

या पैशाचं करायचं काय, याचं उत्तर त्याला यान्सी स्ट्रीटवर सापडतं. ही त्याची जन्माची गल्ली. थोरला भाऊ डॅन तिथल्याच टोळीचा म्होरक्या होता आणि टोळ्यांच्या मारामारीतच गेला. हीच यान्सी स्ट्रीट गँग बेनला जन्मभर छळत आली; निनावी पार्सलं, टोमणे, खोड्या. तीच गल्ली सुधारायला तो पैसा ओततो. आता खोडी काढणारी पोरं आणि ज्याची खोडी काढायची तो, यांच्यात पैसा येऊन उभा राहिला. उपकारकर्त्याची टवाळी करायला जीभ रेटत नाही, आणि टवाळी थांबली की आपण गल्लीतले उरत नाही. देणगी देणाऱ्यांना हा हिशेब सहसा उमगत नाही.

इथे मला जॅक कर्बी आठवतो, आणि खरं सांगायचं तर ही मालिका मी त्याच्यासाठीच पुन्हा वाचतो. कर्बीचं जन्मनाव जेकब कर्ट्झबर्ग. १९१७ साली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये, स्थलांतरित ज्यू कुटुंबात जन्म. वडील कपड्यांच्या कारखान्यात कामाला, त्यांचं नाव बेंजामिन. थिंगचं पूर्ण नाव बेंजामिन जेकब ग्रिम. बापलेक दोघंही त्या एका नावात आहेत. यान्सी स्ट्रीट ही तिथल्याच डिलॅन्सी स्ट्रीटची सावली. त्या वस्तीतल्या टोळ्यांच्या मारामाऱ्या कर्बीनं लहानपणी अंगावर घेतल्या होत्या. तोंडात सिगार, बोलणं तिखट, मन हळवं. थिंग म्हणजे कर्बीच, असं त्याला ओळखणारे म्हणत आले.

कर्बीला पानामागे मोबदला मिळत होता. पात्रांवर मालकी कंपनीची, म्हणजे मार्व्हलची. १९७० साली तो मार्व्हल सोडून गेला. ऐंशीच्या दशकात स्वतःच्या हातानं काढलेली मूळ चित्रं परत मिळवायला त्याला झगडावं लागलं. इतर चित्रकारांपुढे ठेवला नव्हता एवढा लांबलचक करार त्याच्यापुढे ठेवला गेला, आणि शेवटी १९८७ मध्ये हजारो पानांपैकी सुमारे दोन हजारच हाती आली. १९९४ साली तो वारला. २००९ साली डिस्नेनं मार्व्हल सुमारे चार अब्ज डॉलरना विकत घेतली. कर्बीच्या वारसांनी पात्रांच्या हक्कांसाठी कोर्टात दाद मागितली होती; खालच्या कोर्टांत निकाल विरोधात गेले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या उंबऱ्याशी असताना २०१४ मध्ये तडजोड झाली.

हे माहीत झाल्यावर बेनच्या श्रीमंतीची पानं साधी राहत नाहीत. कथेत मित्रानं वाटा निराळा काढून ठेवला, व्याजासकट. न सांगता, पण ठेवला. ज्यानं बेनला आपलं आणि बापाचं नाव दिलं, त्याच्यासाठी असा वाटा कुणी बाजूला काढला नव्हता. स्लॉटच्या मनात हे होतं की नाही, मला सांगता येणार नाही. कॉमिक्सवाल्यांना आपल्या पूर्वजांची देणी पात्रांच्या नावानं फेडायची सवय आहे, एवढंच म्हणतो.

बेन ज्यू आहे हे छापील पानावर उघडपणे यायला २००२ साल उजाडलं. कार्ल केसेल आणि स्टुअर्ट इमोनेन यांच्या त्या अंकात तो लहानपणी चोरलेली एक वस्तू परत करायला शेकरबर्ग नावाच्या सावकाराकडे जातो. स्लॉटच्या मालिकेच्या आठव्या अंकात हा धागा पुढे येतो. दगडाचा होऊन तेरा वर्षं झाली, म्हणजे या दुसऱ्या जन्मातला तो तेरा वर्षांचा, असा हिशेब मांडून बेनचा बार मिट्झ्वा, म्हणजे ज्यू मुलगा तेरा वर्षांचा झाला की करायचा विधी, होतो. मग पत्ते. जवळपास सगळे सुपरहिरो पोकरला जमतात. मला हा खेळ फार शहाणा वाटतो. दानधर्मात एकाचा हात कायम वर असतो, पार्टीत प्रत्येक जण दुसऱ्याचं घड्याळ बघतो. पोकरच्या टेबलावर मात्र अब्जाधीशालाही हरता येतं, त्याची फजिती करता येते, आणि उद्या परत खेळायला बोलावता येतं.

पुढच्या लेखकांनी बेनच्या पैशाचं फारसं काही केलं नाही. अशा मालिकांत नायकाचं काहीच कायमचं बदलत नाही. दगड तेवढा टिकतो. पण स्लॉटनं गोष्ट सोडली नव्हती. २०१८ साली ‘फॅन्टास्टिक फोर’ त्याच्या हाती आली तेव्हा त्यानं बेनचं लग्न अंध शिल्पकार अॅलिशियाशी ज्यू पद्धतीनं लावून दिलं, आणि गगनचुंबी इमारतींत राहायची सवय असलेल्या रीडला बायकामुलांसकट यान्सी स्ट्रीटवर राहायला आणलं. घर नंबर चार. आता अवघडून उभं राहायची पाळी रीडची.