कुलपातलं मशीन

त्या मशीनची आठवण झाली की अजूनही माझं डोकं फिरतं.

पुण्यात मॉलिक्युलर बायोलॉजीत पीएचडी करत होते. आधी नेट, मग जेआरएफ, मग एसआरएफ, सगळे जातात तीच वाट. फेलोशिप फार तर पाच वर्षं मिळते, प्रबंध काही त्या हिशेबाने संपत नाही. पैसे थांबले तशी तालुक्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले.

तिथे पीसीआरचं, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायचं मशीन होतं. अनुदानातून घेतलेलं, अंगावरचं प्लास्टिकही न काढलेलं आणि कपाटात कुलूपबंद. नॅकची समिती यायची तेव्हा ते टेबलावर मांडायचे, समिती गेली की पुन्हा आत. टीवायच्या मुली जर्नलमध्ये पीसीआरची आकृती रंगवायच्या, सही घ्यायच्या, संपलं प्रॅक्टिकल. मी किल्ली मागितली. विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, बिघडलं तर भरून कोण देणार? तुम्ही तर तासिकेवर."

हे वाक्य ते मुलींच्या समोर बोलले.

मग आम्ही हातानेच पीसीआर केला. कॅरी मलिस यांना ही पद्धत सुचली १९८३ साली, तेव्हा तरी मशीन कुठे होतं? उलट प्रत्येक फेरीत उष्णतेने एन्झाइम मरायचं, पुन्हा नवं घालावं लागायचं. पुढे गरम पाण्याच्या झऱ्यांतल्या जिवाणूचं टॅक हे एन्झाइम आलं आणि ती कटकट मिटली. टॅक आणि प्रायमर मी गाइडना विचारून आमच्या लॅबमधून नेले. तीन वॉटर बाथ लावले: ९४, ५५ आणि ७२ अंश. नळीतलं मिश्रण उडून जाऊ नये म्हणून वर पॅराफिन तेलाचा थेंब, नळ्या थर्माकोलच्या तुकड्यात खोचलेल्या. एकीच्या हातात मोबाइलचा टायमर, दुसरीच्या हातात चिमटा. मिनिटामिनिटाला हा बाथ, तो बाथ, अशा तीस फेऱ्या. लॅबचे मामा घरी जायचे थांबले आणि ९४चं तापमान उतरू नये म्हणून थर्मामीटर धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी जेलवर यूव्हीखाली नारिंगी पट्टा दिसला, पाचशे बेसपेअरच्या खुणेसमोर. "मॅडम, हे आपण केलं?" एका मुलीने विचारलं. माझ्या स्वतःच्या संशोधनातल्या कुठल्याच जेलने मला एवढा आनंद दिला नव्हता.

आता वाटतं, प्रत्येकाने पहिला पीसीआर असाच करावा. डीएनए उलगडतो कधी, प्रायमर चिकटतो कधी, हे मशीनचं बटण दाबून कळत नाही. पण म्हणून मशीन कपाटात ठेवणं बरोबर ठरत नाही, आणि माझं हे मत कुणी त्यासाठी वापरूही नये.

सरांची भीती खोटी नव्हती, हेही आता कळतं. खरेदीला अनुदान मिळतं, दुरुस्तीला कॉलेजकडे पैसे नसतात. तरी मुलींसमोर ते वाक्य बोलायची गरज नव्हती. अनुदान देणाऱ्यांनी देखभालीचे पैसे सोबतच द्यावेत, आणि समितीने मशीन बघण्याआधी त्याच्या वापराची वही मागावी.