दार वाजवण्याआधी

कोथरूडमधला माझा वन बीएचके फ्लॅट मी गेली चौदा वर्षं भाड्याने देते आहे. त्यातली पहिली अकरा वर्षं माझी पक्की समजूत होती की घर माझं आहे, तेव्हा ते कुणाला, कधी आणि कसं दाखवायचं हे मीच ठरवणार. ती समजूत चुकीची होती. ती कशी बदलली, हे मला मनापासून सांगायचं आहे.

ही समजूत सासरच्या वाड्यातून आली. शनिवार पेठेतल्या त्या वाड्यात पाच बिऱ्हाडं होती. १९४७ च्या भाडे कायद्याने जुन्या जागांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली होती. एका बिऱ्हाडाचं भाडं महिना बावीस रुपये, आणि दर पावसाळ्याआधी कौलं चाळायचा खर्च त्याच्या कितीतरी पट. भाडेकरू म्हणजे जागा अडवून बसलेला माणूस, हे मी लग्नानंतर वर्षभरातच शिकले.

पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की जागा परत मिळवण्याची वेगळी वाट त्याच्या चोविसाव्या कलमात आहे. त्याच भरवशावर मी फ्लॅट भाड्याने दिला, पण मनातली भीती गेली नाही. लायसन्स म्हणजे नुसती परवानगी, जागेत हक्क निर्माण होत नाही, असं वकिलांनी सांगितलं होतं. ते मी घट्ट धरून ठेवलं. परवानगी देणारी मी, मग आत जायला मी कुणाला कशाला विचारू?

पुण्यात कुटुंबवाले घरं बदलतात ते बहुधा एप्रिल-मे महिन्यांत, शाळा सुरू व्हायच्या आत. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात माझ्याकडे एक जोडपं आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी राहत होती. त्यांचे अकरा महिने संपत आले होते. संध्याकाळी सातला एजंटचा फोन आला, "मॅडम, पार्टी आलीय, आत्ताच बघायचं म्हणतायत." मी तशीच निघाले. वाटेत एक फोन करावा, हे मनातही आलं नाही.

दार तिने उघडलं. हात कणकेने भरलेले. हॉलमध्ये गादीवर मुलगी, कपाळावर ओली पट्टी. आम्ही पाच जण आत शिरलो. मी एकेका खोलीतले दिवे लावत पुढे गेले. पार्टीतल्या गृहस्थांनी मोबाइल काढून स्वयंपाकघराचे फोटो घेतले. पोलपाटावर अर्धी लाटलेली पोळी तशीच होती. मी बाथरूमचं दार उघडलं, तर आत दोरीवर तिचे कपडे वाळत होते. ती धावत आली, कणकेच्याच हातांनी कपडे ओढून घेतले आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. मुलगी जागी होऊन रडायला लागली.

बेडरूममध्ये पार्टीतल्या बाईंनी भिंतीवर तळहात टेकवून तिला विचारलं, "पावसाळ्यात ओल येते का हो?"

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या भिंतीला बाहेरून गच्चीच्या पाण्याचा पाइप आहे. जुलैत तिथे पोपडे सुटतात. तिने लोखंडी कपाट त्यासाठीच हातभर पुढे ओढून ठेवलं होतं, आणि मी एप्रिलमध्ये तेवढ्याच भिंतीला रंग मारून घेतला होता. मी म्हणाले, "छे, एकदम कोरडं घर आहे." तिने मान खाली घातली.

निघताना ती दारात म्हणाली, "काकू, पुढच्या वेळी आधी फोन कराल का? म्हणजे मी जरा आवरून ठेवीन."

आवाजात राग नव्हता. तापलेलं लेकरू गादीवर असताना ती माझं घर नीटनेटकं दिसावं म्हणून आवरायचं म्हणत होती. तिचं साठ हजारांचं डिपॉझिट माझ्याकडे होतं. ती खरं बोलली असती, तर त्यातून मी काय काय कापून घेतलं असतं, हा विचार तिच्या मनात आला नसेल असं मी म्हणू शकत नाही. तिच्याच घरात उभं राहून मी तिला माझ्या खोट्यात ओढलं होतं.

रात्री मी कराराची प्रत काढली. इतकी वर्षं एजंट घरी येऊन अंगठ्याचा ठसा घ्यायचा आणि मी न वाचता तो द्यायची. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की मालकाला जागा पाहता येईल, पण पुरेशी आगाऊ सूचना देऊन. म्हणजे ती मला ज्याची विनंती करत होती, ते मी आधीच कबूल केलं होतं.

महिनाअखेर ते शिफ्ट झाले. मी डिपॉझिट पूर्ण परत केलं आणि म्हणाले, "त्या दिवशी माझं चुकलं." ती थोडी थांबून म्हणाली, "काकू, ओलीचं त्यांना सांगितलंत का?"

सांगितलं नव्हतं. त्यांचं टोकन मी घेऊन बसले होते. घरी येऊन मी त्या बाईंना फोन केला. त्यांच्या सासूबाईंना दमा होता. त्यांनी घर नको म्हटलं, मी टोकन परत केलं. जून आणि जुलै फ्लॅट रिकामा राहिला. पाऊस उघडल्यावर पाइप बदलला, भिंतीचं प्लास्टर पाडून वॉटरप्रूफिंग करून घेतलं. दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त खर्च आला. हे काम मी दहा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

सगळंच मी बदललं असं नाही. करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा. कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमाने ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांकडेही मी आजही देते. जागा वेळेवर परत मिळावी, हा माझा आग्रह कायम आहे. पण मालकी माझी असली, तरी करार चालू असेपर्यंत आतला संसार त्यांचा आहे. त्या दाराशी मी पाहुणी असते.

आता घर दाखवायचं असेल तर मी दोन दिवस आधी विचारते. वेळ ते सांगतात. फोटो त्यांच्या होकाराशिवाय घ्यायचे नाहीत, हे एजंटला बजावून ठेवलं आहे. गेल्या मे महिन्यात असंच एक कुटुंब आलं. मी त्यांना दारापर्यंत सोडलं आणि जिन्यात थांबले. आतून माझ्या भाडेकरूंचा आवाज येत होता: पाणी सकाळी दोन तास येतं, चारचाकीला पार्किंग नाही, या भिंतीला पूर्वी ओल यायची म्हणे, पण गेल्या पावसाळ्यात आली नाही.

मी आत गेले नाही.