गाडी मुंबईत, आम्ही दुबईत

मुंबई, टर्मिनल 2

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचलो. जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला आलो तेव्हा वहिनीच्या हातचा चहा घ्यायची फार इच्छा होती, पण वेळ हाताशी नव्हता. इगतपुरीला समृद्धी महामार्ग धरला. जून 2025 मध्ये भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंतचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट टळतो. सासूबाईंना घाटात मळमळतं, त्या यंदा बोगद्यातून निवांत आल्या. भिवंडीनंतरची गर्दी मात्र चुकली नाही.

गाडी टर्मिनललगतच्या बहुमजली पार्किंगमध्ये ठेवली. सुमारे 5,000 गाड्या मावतील एवढं ते मोठं आहे, म्हणून खांबावरचा मजला आणि क्रमांक यांचा लगेच फोटो काढला. ह्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून हँडब्रेक सोडला. बरेच दिवस ओढलेला राहिला तर ब्रेक चिकटतात. बॅटरीची निगेटिव्ह वायरही काढली. शेजारी एमएच-19 ची, म्हणजे जळगावचीच गाडी होती. काचेवर धुळीचा थर, वायपरखाली वाळलेलं लिंबाचं पान. आपल्याकडचं कोणीतरी बरेच दिवस परदेशी आहे. तेही सुखरूप परतोत, असं मनात आलं.

तुझी,
माई

दुबई

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पार्किंग महाग पडेल, असं तू फोनवर म्हणालास. खरं आहे. दर तासांचा आणि दिवसांचा; आठवडे वाढले की आकडा डोळ्यांत भरतो. पण ड्रायव्हर करून गाडी परत धाडायची, तर तिला मुंबईच्या दोन खेपा होतात. डिझेल, टोल, भत्ता सगळं दुप्पट. जळगावहून रेल्वेगाड्या पुष्कळ आहेत, पण सासूबाईंचे गुडघे आणि चार बॅगा घेऊन मध्यरात्रीच्या विमानासाठी दादरला उतरायचं कसं?

छताचे पैसे मला जड वाटत नाहीत. मेमध्ये जळगावचा पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डचं काय होतं ते आपण पाहतोच. मुंबईत पाऊस लागला की बंद गाडीत बुरशीचा वास धरतो.

मला सलतं ते वेगळंच. जळगावहून गोवा, हैदराबाद, पुण्याला विमानं सुरू झाली. धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर मुलं विमान चालवायला शिकतात. परदेशी जायला मात्र खान्देशच्या माणसाला बहुतेकदा चारशे किलोमीटर गाडी हाकत मुंबई गाठावी लागते. मुंबईकर गाडी दोन दिवस ठेवतो, आपली महिनाभर राहते. लेकीच्या बाळंतपणाला निघालेले आईवडील आठ दिवसांत परतत नाहीत. मग आठवड्याचा आणि महिन्याचा सवलतीचा दर सगळीकडे का असू नये? नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर 2025 मध्ये सुरू झाला. निदान तिथे तरी बाहेरगावच्या गाड्यांचा विचार आत्ताच व्हावा. आपल्या खासदारांना मी तसं लिहिणार आहे. तूही लिही.

तुमचं जुलैत परदेशी जायचं ठरलंच, तर आठवड्याच्या आत परत येणार असाल तरच गाडी मुंबईच्या छताखाली ठेव. जास्त राहणार असाल, तर नाशिकला मावशीच्या पोर्चमध्ये लाव आणि पुढे टॅक्सी कर. मावशीशी मी बोलले आहे.

तुझी,
माई